संगणक उशिरा सुरू होत असेल तर या चुका टाळा

पुण्यात तापकीर गल्लीजवळच्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मी गेली १९ वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो. जवळजवळ रोज कोणीतरी एकच तक्रार घेऊन जिना चढतो: "चालू व्हायला फार वेळ लागतो हो." तक्रार खरी असते, त्रासही खरा असतो; पण यांतील पुष्कळसे संगणक माझ्याकडे येण्याआधीच कोणीतरी 'साफ' करून ठेवलेले असतात, आणि मूळ दोषाकडे वळण्यापूर्वी मला ती साफसफाई निस्तरावी लागते. त्याच त्या चुका वर्षानुवर्षे पाहत आल्यामुळे त्या एकदा सविस्तर लिहून काढाव्यात असे वाटले.

वेळ न मोजता उपाय सुरू करणे

"फार वेळ" म्हणजे नेमका किती, हे बहुतेकांना सांगता येत नाही. कोथरूडहून आलेल्या एका शिक्षिकेने मात्र मला सांगितले होते, "बटण दाबून कुकर लावते, तिसरी शिट्टी झाली की पासवर्डची चौकट येते. पुढे मग काही त्रास नाही." या दोन वाक्यांनी माझे अर्धे काम झाले, कारण उशीर पासवर्डच्या आधीच होत होता हे त्यांतून कळले.

संगणक सुरू होण्याचे ढोबळ मानाने तीन टप्पे असतात. बटण दाबल्यापासून बनावटीचे चिन्ह पडद्यावरून जाईपर्यंत पहिला, ठिपके गोल फिरू लागल्यापासून पासवर्डची चौकट येईपर्यंत दुसरा, आणि पासवर्ड दिल्यापासून संगणक खरोखर काम करण्याजोगा होईपर्यंत तिसरा. पहिला टप्पा लांबला तर विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, कारण तोवर विंडोज सुरूच झालेले नसते. दुसरा लांबला तर माझा पहिला संशय डिस्क, तिची केबल किंवा एखाद्या ड्रायव्हरवर, म्हणजे जोडलेला भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, जातो. तिसरा लांबला तरच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमकडे पाहण्यात अर्थ आहे. मी मोबाइलवरील स्टॉपवॉच लावून तिन्ही वेळा कागदावर लिहितो, तो कागद कॅबिनेटला चिकटवतो आणि त्यानंतरच हात लावतो.

विंडोज स्वतःही ही नोंद ठेवते. इव्हेंट व्ह्यूअर उघडून ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स आणि ऑपरेशनल या क्रमाने आत गेल्यास १०० क्रमांकाच्या नोंदीत सुरू होण्यास लागलेला वेळ मिलिसेकंदांत मिळतो. ८४००० असा आकडा दिसला तर ८४ सेकंद समजावेत. १०१ क्रमांकाच्या नोंदीत उशीर करणाऱ्या प्रोग्रॅमचे, १०२ मध्ये ड्रायव्हरचे आणि १०३ मध्ये पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसचे नाव असते. इतकी नेमकी माहिती फुकट हाताशी असताना लोक अंदाजाने प्रोग्रॅम उडवत बसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

टेम्प, टक्के-टेम्प-टक्के आणि प्रीफेच

व्हिडिओ पाहून शिकलेल्या प्रत्येक नवशिक्याला हे तीन शब्द पाठ असतात. रनच्या चौकटीत ते एकेक टाकायचे, उघडलेल्या फोल्डरमधील सर्व काही निवडायचे आणि शिफ्ट धरून डिलीट दाबायचे, अशी ती कृती आहे. टेम्पमधील फाइली काढल्याने जागा मोकळी होते हे खरे, आणि सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर त्याचा फायदाही होतो. पण संगणक सुरू होताना त्या फाइली सहसा वाचल्याच जात नाहीत, त्यामुळे वेळ वाचत नाही. प्रीफेचचे तर उलटे आहे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीपासून ही सोय आहे. कोणता प्रोग्रॅम सुरू होताना कोणत्या फाइलींचे कोणते भाग लागतात, याची टिपणे विंडोज त्या फोल्डरमध्ये ठेवते आणि पुढच्या वेळी ते भाग आधीच वाचून तयार ठेवते. ही टिपणे पुसली की विंडोजला ती पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागतात, आणि तोवर प्रोग्रॅम पूर्वीपेक्षा सावकाश सुरू होतात. दर रविवारी नेमाने हे फोल्डर रिकामे करणारा मनुष्य दर सोमवारी संगणक संथ असल्याची तक्रार करतो, आणि दोन्हींचा संबंध त्याच्या लक्षात येत नाही.

रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची वही, साफ करणारे प्रोग्रॅम याच जातीचे आहेत. त्यांनी संगणक लवकर सुरू झाल्याचे मी एकदाही पाहिलेले नाही.

सिस्टीम कॉन्फिगरेशनमधील दोन चौकटी

सिस्टीम कॉन्फिगरेशन या विंडोजच्याच साधनात बूट या पानावरील ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची संख्या आणि कमाल मेमरी अशा दोन चौकटी आहेत. त्यांत खूण केली की संगणक पूर्ण ताकदीने सुरू होतो, असा एक समज विद्यार्थ्यांमध्ये फार पसरला आहे. वास्तविक त्या चौकटी मर्यादा घालण्यासाठी, तपासणी करणाऱ्यांच्या सोयीसाठी दिलेल्या आहेत. खूण नसेल तेव्हाच विंडोज सर्व प्रोसेसर आणि सर्व मेमरी वापरते. एका मुलाच्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' समोर जवळजवळ ६ जीबी दिसत होते. उरलेल्या २ जीबीत विंडोज आणि ब्राउझर कसेबसे चालत होते, आणि तो नवी रॅम विकत घेण्यासाठी पैसे जमवत होता. दोन्ही खुणा काढून संगणक पुन्हा सुरू केला, एवढीच ती दुरुस्ती होती.

बंद करणे आणि पुन्हा सुरू करणे यांत फरक न करणे

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची तेव्हाची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच उचलून पुढे नेली जाते. त्यामुळे अडकलेला एखादा ड्रायव्हर रोज संगणक बंद करूनही तसाच अडकलेला राहतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर सीपीयूखाली 'अप टाइम' असतो. तेथे ४१ दिवस दिसल्यावर एक ताई माझ्यावर जवळजवळ रागावल्याच, "अहो, मी रोज रात्री बंद करूनच झोपते." त्यांचे खरे होते, आणि त्या आकड्याचेही. रीस्टार्ट केल्यावर मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. हार्ड डिस्कच्या संगणकावर ही सोय बंद केली तर सकाळी आणखी वेळ लागतो, म्हणून मी ती सहसा चालू ठेवतो आणि शनिवारी काम संपताना एकदा रीस्टार्ट करायला सांगतो.

मरणाऱ्या डिस्कला आजारी समजणे

ही चूक मी सर्वांत गंभीर मानतो, कारण बाकीच्या चुकांत वेळ जातो आणि हिच्यात आयुष्याची कमाई जाते.

काही वर्षांपूर्वी, लग्नसराईच्या तोंडावर, नारायण पेठेत लग्नपत्रिका छापणारे एक काका त्यांच्या भाच्यासह कॅबिनेट घेऊन आले. संगणक महिनाभर हळूहळू उशिरा सुरू होऊ लागला होता. शेवटी ११ मिनिटे लागू लागली. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या भाच्याने मामांच्या प्रेमापोटीच सर्व उपाय केले: टेम्प पुसले, रजिस्ट्री साफ केली, आणि शेवटी रात्री चेक डिस्क पूर्ण तपासणीसह लावून तो झोपला. सकाळी पडद्यावर २७ टक्के हा आकडा होता आणि तो हलत नव्हता. मी झाकण काढून वीज दिली, तेव्हा डिस्कमधून तीन वेळा 'टक्' असा आवाज आला, थोडी शांतता, पुन्हा तीन वेळा 'टक्'. हा आवाज ऐकला की पुढचा प्रश्न विचारायला मला धीर गोळा करावा लागतो.

"काका, बॅकअप कशात घेतलाय?"

"डी ड्राइव्हमध्ये आहे की सगळं. सी मध्ये मी काही ठेवतच नाही."

सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग होते. एकाच कपाटाच्या वरच्या कप्प्यातील कागद खालच्या कप्प्यात ठेवावेत, तसा तो बॅकअप होता. कपाटच जळाले तर दोन्ही कप्पे जातात, हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते.

येथे नेमके काय घडते ते समजून घेण्यासारखे आहे. डिस्कवरील एखादा सेक्टर, म्हणजे साठवणीचा लहान तुकडा, नीट वाचता आला नाही, तर डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि तेवढा वेळ विंडोज थांबून राहते. सुरू होताना विंडोजला हजारो लहान लहान तुकडे डिस्कभरातून गोळा करायचे असतात; त्यांतील थोडे जरी खराब जागेवर असले तरी सेकंदांची मिनिटे होतात. पूर्ण तपासणीची चेक डिस्क प्रत्येक सेक्टर वाचायला लावते. ज्या डिस्कमध्ये अखेरची थोडी धुगधुगी उरली आहे तिला अशी रात्रभर पळवली, तर ती धुगधुगीही जाते.

आम्ही ती डिस्क लिनक्सच्या संगणकाला जोडून डीडी-रेस्क्यू या साधनाने तिची प्रत घेतली. हे साधन आधी चांगला भाग वाचून घेते आणि अडणारे भाग शेवटासाठी ठेवते. तीन दिवस लागले. जुने बरेचसे नमुने मिळाले, पण अलीकडच्या दोन हंगामांतील बहुतेक फाइली उघडल्या नाहीत. काकांनी नमुन्यांच्या अल्बममधील छापील पत्रिका समोर ठेवून त्या एकेक पुन्हा बसवल्या. भाच्याला मी बोललो नाही. त्याचा चेहरा पाहून बोलवले नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. संथपणा हळूहळू वाढत गेला असेल तर आधी बाहेरच्या वेगळ्या डिस्कवर महत्त्वाच्या फाइली घ्यायच्या, मग क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनात स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेली टिपणे, पाहायच्या. ०५ (बदलून टाकलेले खराब सेक्टर) आणि सी५ (वाचताना अडणारे सेक्टर) या नोंदींचा मूळ आकडा शून्य नसेल, आणि विशेषतः तो दर आठवड्याला वाढत असेल, तर त्या डिस्कवर उपचार करू नयेत, ती बदलावी. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम नोंदींत 'डिस्क' या नावाखाली ७ हा क्रमांक खराब ब्लॉकसाठी आणि १५३ हा पुन्हा कराव्या लागलेल्या वाचनासाठी येतो. काकांच्या डिस्कवर या नोंदी महिनाभर साचत होत्या.

"फॉरमॅट मारून द्या"

घाईत असलेल्या गिऱ्हाइकाचे हे आवडते वाक्य आहे, आणि घाईत असलेल्या दुरुस्तीवाल्याचेही. फॉरमॅटनंतर दोन आठवडे संगणक चांगला चालतो, कारण विंडोज डिस्कच्या दुसऱ्या जागेवर बसलेले असते आणि सोबतचे प्रोग्रॅम अजून टाकलेले नसतात. मूळ दोष डिस्कचा किंवा केबलचा असेल तर तो परत येतो. कारण सापडल्याशिवाय मी फॉरमॅट करत नाही, गिऱ्हाईक रागावले तरी.

केबलचे सांगायचे तर नव्या एसएसडीसह, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कसह, आलेला एक संगणक दोन दुकाने फिरून माझ्याकडे पोहोचला होता. स्मार्टमधील सी७ ही नोंद हजारांत गेली होती. ती डिस्क आणि बोर्ड यांच्यातील वहनात झालेल्या चुकांची असते. डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल तीव्र कोनात मुडपलेली होती. ती बदलल्यावर आकडा वाढायचा थांबला आणि संगणक नीट सुरू होऊ लागला.

तरीही ज्यांच्या संगणकात अजून फिरती हार्ड डिस्क आहे, त्यांच्यासाठी एसएसडी हाच खरा उपाय आहे. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीस सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे विखुरलेले तुकडे सेकंदाला शंभरही वाचून होत नाहीत. एसएसडी तेवढ्याच वेळात हजारो वाचते. केवळ रॅम वाढवून हा फरक भरून निघत नाही. नव्या एसएसडीवर प्रत उतरवल्यावर जुनी डिस्क काढून एकदा संगणक सुरू करून पाहावा, नाहीतर बूटची फाइल जुन्याच डिस्कवर राहिल्याचे सहा महिन्यांनी कळते. एसएसडीला डीफ्रॅगमेंट करणारे, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र आणणारे, बाहेरचे प्रोग्रॅम लावू नयेत. तिची आवश्यक ती देखभाल विंडोज स्वतः ठरलेल्या वेळी करते.

आणखी काही

दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावरील सरसकट सर्व काही बंद करू नये. टचपॅड आणि आवाजाच्या नोंदी तेथेच असतात, आणि त्या बंद करून "माउस बिघडला" म्हणून आलेले लॅपटॉप मी पाहिले आहेत. एका वेळी एकच नोंद बंद करून दुसऱ्या दिवशी वेळ मोजावा.

पहिला टप्पा लांबत असेल तर जोडलेले पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क काढून पाहाव्यात, आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डवरील प्रोग्रॅममध्ये, नेटवर्कवरून सुरू होण्याचा पर्याय सर्वांत वर गेलेला नाही ना, ते तपासावे. मेन स्विच बंद केल्यावर घड्याळ मागे जात असेल आणि दर वेळी एफ१ दाबायला सांगितले जात असेल, तर बोर्डवरील सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला आहे. संगणकाची वायर काढून तो बदलावा, बायोसमध्ये तारीख भरावी आणि जतन करून बाहेर पडावे. माझ्या टेबलाच्या खणात हे सेल नेहमी असतात.