चतुर्थी आटपली की उत्तरेला निघा

नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या भागात रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश, बघायला डिसेंबरातच जावं लागतं, असं मीही धरून चालले होते. म्हणून पहिल्या खेपेस नाताळच्या सुट्टीत नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला गेले. तीन रात्री, तिन्ही ढगाळ. पुढच्या खेपेस चतुर्थी आटपून सप्टेंबरच्या अखेरीस स्वीडनमधल्या आबिस्कोला पाच रात्री राहिले, आणि त्यातल्या दोन रात्री आकाश मोकळं मिळालं. गोव्यातल्या फोंड्याहून निघणाऱ्या माणसाला बर्फातल्या चालण्याची सवय नसते. त्यामुळे माझा आग्रह असा, की पहिली वारी सप्टेंबर-अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला करा.

तेव्हा थंडी शून्याच्या आसपास असते, नऊनंतर चांगला काळोख पडतो आणि तळी गोठलेली नसतात. तोर्नेत्रेस्क तळ्याच्या काठावर उभं राहिलं की वरचा हिरवा पट्टा पाण्यातही दिसतो. शिवाय दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोताचा, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर जास्त परिणाम होतो, म्हणून प्रकाश दिसायची शक्यता वाढते. मार्चातही हे असतंच, पण तेव्हा आपल्याकडे शिगमो, आणि तिकडे तळं गोठलेलं.

आबिस्को का? अटलांटिकवरून येणारे ढग पश्चिमेच्या डोंगरांवर अडतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे जेमतेम ३००. घाटापलीकडचा कोरडा मुलूख आठवा, तसंच हे. किरुनाहून रेल्वेने जाता येतं. राहायच्या जागा मोजक्याच, तेव्हा बुकिंग लवकर करा. आणि चार रात्रींपेक्षा कमी राहू नका. रोज नवं गाव गाठायचा मोह टाळा, वेळ प्रवासात जातो आणि आकाश उघडतं तेव्हा तुम्ही गाडीत असता.

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा हवा. पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना हा व्हिसा लागत नाही. सामानात पेढे घालू नका, दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पोहे मात्र माझ्या फार कामी आले.

तिथे पोचल्यावर लोक दिवसभर केपी आकडा बघत बसतात. हा चुंबकीय खळबळीचा ० ते ९ असा मापदंड. पण आबिस्को जवळजवळ ६८ अंश उत्तरेला आहे, तिथे केपी २ लाही प्रकाश दिसतो. तेव्हा आधी ढगांचा अंदाज बघा, केपी नंतर.

आता सर्वांत महत्त्वाचं. सुरुवातीला हा प्रकाश हिरवा दिसतच नाही. पहिल्या रात्री दहाच्या सुमारास मला उत्तरेला एक राखाडी पट्टा दिसला, चुलीच्या धुराची रेघ असावी तसा. ढगच आहे म्हणून मी आत निघाले होते. मग त्यातून तारे दिसतायत हे लक्षात आलं. फोन दगडावर टेकवून नाइट मोडमध्ये तीन सेकंदांचा फोटो काढला, तर पट्टा हिरवागार. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो. अर्ध्या तासाने तोच पट्टा उजळला आणि साध्या डोळ्यांनीही हिरवा दिसू लागला, कडा पडद्यासारख्या हलायला लागल्या. तेव्हा शंका आली की आधी फोटो काढून बघा. दहा ते एक या वेळात झोपू नका.

कॅमेऱ्याला ट्रायपॉड हवाच. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० पासून सुरू करा, शटर आठ-दहा सेकंद उघडं, फोकस हाताने एखाद्या ठळक ताऱ्यावर. जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवा, गारठ्यात ती भराभर उतरते. अंगात सुती कपडा नको, लोकर घाला.

परत खोलीत शिरण्याआधी कॅमेरा चेनच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा. फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम सुटतो, तसंच लेन्सचं होतं. पिशवी दोन तास उघडायची नाही. मेमरी कार्ड मात्र बाहेरच काढून खिशात घाला, म्हणजे फोटो त्याच रात्री बघता येतात.