दहा वर्षं टिकेल असा एसएमपीएस कसा निवडायचा

पीसी बिल्ड करताना लोक प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर आठवडा आठवडा डोकं लावतात आणि एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पीसीला वीज पुरवणारा पॉवर सप्लायचा डबा, मात्र शेवटी जे पैसे उरतील त्यात घेतात, नाहीतर कॅबिनेटसोबत जो आलाय तोच लावून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. कारण पीसीमधला हा असा पार्ट आहे की गेला तर एकटा जाईलच याची गॅरंटी नाही, मदरबोर्ड, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, काहीही सोबत घेऊन जाऊ शकतो. आणि चांगला घेतला तर हाच पार्ट पुढच्या बिल्डलाही पुरतो. प्रोसेसरचं सॉकेट बदलतं, रॅमची पिढी बदलते, पण मदरबोर्डचा २४ पिनचा कनेक्टर २००३ पासून आजपर्यंत तोच आहे.

आता आधी हे समजून घ्या की एसएमपीएस म्हातारा कशामुळे होतो, मग काय बघून घ्यायचं ते आपोआप कळतं. आतमध्ये दोन गोष्टी झिजतात, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि पंखा. बाकीचे पार्ट नीट डिझाइन केलेले असतील तर सहसा खूप वर्षं चालतात. कपॅसिटरच्या आत द्रव असतो तो उष्णतेने हळूहळू सुकत जातो, आणि सुकला की आउटपुट गुळगुळीत ठेवायची त्याची ताकद कमी होते. त्याच्या अंगावर तापमान छापलेलं असतं, ८५ डिग्री किंवा १०५ डिग्री, आणि डेटाशीटमध्ये तास दिलेले असतात, समजा १०५ डिग्रीला २००० तास. ऐकायला हे फारच कमी वाटतं पण ढोबळ हिशोब असा की तापमान दर १० डिग्रीने कमी झालं की आयुष्य दुप्पट होतं. म्हणजे तोच कपॅसिटर ६५ डिग्रीला चालला तर ३२००० तास, रोज ८ तास वापर धरला तर अकरा वर्षांच्या आसपास. तोच ७५ डिग्रीला चालवला तर साडेपाच वर्षं. आणि त्याच्या जागी ८५ डिग्रीवाला २००० तासांचा लावला असेल तर ६५ डिग्रीला ८००० तास, म्हणजे तीन वर्षंसुद्धा नाहीत. अर्थात सगळे कपॅसिटर २००० तासांचेच नसतात, ४०००, ५००० वाले पण येतात, पण मुद्दा लक्षात आला ना, सगळा खेळ उष्णतेचा आहे.

म्हणून बॉक्सवर १०५ डिग्री लिहिलंय का ते बघाच, आणि त्यातही नीट वाचा. "जपानी कपॅसिटर" असं मोठ्या अक्षरात लिहितात पण बऱ्याचदा फक्त प्रायमरी साइडचा (भिंतीतली वीज आत येते ती बाजू) एक मोठा कपॅसिटर जपानी असतो आणि सेकंडरी साइडला (पीसीला वीज जाते ती बाजू), जिथे रिपलचा, म्हणजे आउटपुटमधल्या बारीक चढउतारांचा, करंट सोसून कपॅसिटर आतून पण तापतात, तिथे दुसरंच काहीतरी बसवलेलं असतं. "सगळे कपॅसिटर जपानी १०५ डिग्री" असं स्पष्ट लिहिलं असेल तर ते जास्त चांगलं. निचिकॉन, रुबिकॉन, निप्पॉन केमी-कॉन ही नावं रिव्ह्यूमध्ये दिसली की निर्धास्त व्हायला हरकत नाही. तैवानचे सगळे वाईट असं पण नाही हां, चांगल्या सिरीजचे आहेत. पण ज्यांनी २००० नंतरच्या पाचसहा वर्षांतले मदरबोर्ड बघितलेत त्यांना डोकं फुगलेले कपॅसिटर आठवत असतील, तेव्हा सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे ढीगभर बोर्ड आणि एसएमपीएस वेळेआधी गेले होते.

पुढचा मुद्दा वॅटचा. बॉक्सवरचा मोठा आकडा सोडा आणि बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा, त्याला १२ ने गुणा. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. खऱ्या ६५० वॅटच्या सप्लायवर ५४ अँपिअर दिसतील, ५४ गुणिले १२ म्हणजे ६४८, बरोबर. आणि ५०० वॅट लिहिलेल्या डब्यावर १२ व्होल्टला २५ अँपिअर असतील तर तो तुमच्या कामाचा ३०० वॅटचाच आहे, उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेत ज्यांचा आज फारसा उपयोग नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, दोन-तीन वेगवेगळे १२ व्होल्ट रेल (वेगळ्या आउटपुट लाइन) दिले असतील तर त्यांची सरळ बेरीज करायची नाही, एकत्रित वॅट वेगळे दिलेले असतात ते धरायचे.

किती वॅटचा घ्यायचा? प्रोसेसर फुल लोडला समजा १२० वॅट खातो, ग्राफिक्स कार्ड २२०, बाकी सगळं मिळून ६०, झाले ४००. अशा बिल्डला मी ६५० चा घेईन. त्यामुळे तो फुल लोडला पण साधारण ६० टक्क्यांवर चालतो, उष्णता कमी, पंखा हळू, कपॅसिटर खुश. पण म्हणून १२०० चा घेऊ नका, खूप कमी लोडवर एफिशियन्सी (भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी पीसीला किती टक्के मिळते ती) पडते आणि पैसे उगाच जातात, तेच पैसे चांगल्या क्वालिटीच्या ६५० मध्ये घाला. ग्राफिक्स कार्ड मोठं असेल तर एटीएक्स (पीसीच्या सप्लायचं स्टँडर्ड) ३.० किंवा ३.१ वाला बघा. हल्लीची कार्डं मिलीसेकंदाच्याही छोट्या वेळात एकदम जास्त वीज ओढतात आणि २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये १०० मायक्रोसेकंदापुरता रेटिंगच्या दुप्पट झटका सोसायची अट टाकलीय. गेम खेळताना पीसी अचानक बंद पडायचं कारण बऱ्याचदा हेच झटके असतात आणि लोक बिचारे विंडोज फॉरमॅट करत बसतात.

८० प्लसच्या ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम स्टिकरबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. हे सर्टिफिकेशन २००४ पासून आहे आणि ते फक्त एफिशियन्सी मोजतं, ते पण २३ डिग्रीच्या खोलीत. रिपल किती, प्रोटेक्शन चालतात का, पाच वर्षांनी काय होईल, यातलं काहीच त्यात नाही. तरी पण मी गोल्डच घ्या म्हणेन आणि त्याचं कारण वीजबिल नाही. ४०० वॅट लोडला ९० टक्के एफिशियन्सी असेल तर आत ४४ वॅट उष्णता होते, ८० टक्के असेल तर १०० वॅट. दुप्पटीपेक्षा जास्त! आणि ती सगळी त्याच डब्यात, त्याच कपॅसिटरच्या शेजारी. स्टिकर खोटा पण असू शकतो, म्हणून ८० प्लसच्या साइटवर तो मॉडेल आहे का एकदा चेक करा. सायबेनेटिक्स या दुसऱ्या टेस्टिंग संस्थेचं रेटिंग असेल तर आवाजाची पण माहिती मिळते.

पंख्याचं थोडक्यात सांगतो. साधा स्लीव्ह बेअरिंगवाला तेल सुकलं की घरघरतो आणि मग अडकतो, आणि पंखा अडकला की बाकी सगळं पण भाजून निघतं. फ्लुइड डायनॅमिक किंवा डबल बॉल बेअरिंग घ्या. डबल बॉल थोडा आवाज करतो पण गरमीत दमदार. झिरो आरपीएम मोड, म्हणजे कमी लोडला पंखा बंदच, यात पंख्याचं आयुष्य वाढतं पण आतलं तापमानही वाढतं, त्यामुळे खोली गरम असेल तर तो मोड बटणाने बंद करता येणारा मॉडेल मला जास्त आवडतो.

प्रोटेक्शनमध्ये ओव्हर व्होल्टेज, अंडर व्होल्टेज, ओव्हर करंट, ओव्हर पॉवर, शॉर्ट सर्किट आणि ओव्हर टेंपरेचर ही सगळी असायला हवीत. स्वस्तात बऱ्याचदा शेवटचंच गाळतात, आणि पंखा बंद पडल्यावर वाचवणारं नेमकं तेच असतं.

ब्रँड बघू नका, मॉडेल बघा, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. एसएमपीएस विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या तो स्वतः बनवतच नाहीत, सीडब्ल्यूटी, सुपर फ्लॉवर, सीसॉनिक, एफएसपी अशांकडून बनवून घेतात, आणि एकाच ब्रँडची एक सिरीज भारी आणि दुसरी सुमार असं सर्रास असतं. रिव्ह्यू वाचताना ज्यात लोड टेस्ट, ऑसिलोस्कोपवर रिपल आणि डबा उघडून आतले फोटो असतील तेच धरा. एटीएक्सप्रमाणे १२ व्होल्टवर रिपल १२० मिलीव्होल्टपर्यंत चालतो, पण चांगला सप्लाय ३०-४० च्या आत ठेवतो. नुसतं बॉक्स उघडून पंखा फिरतोय दाखवलं तर त्यातून काही कळत नाही. आणि हे सगळं तपासायला वेळच नसेल तर वॉरंटी बघा, ७ किंवा १० वर्षांची वॉरंटी देणाऱ्याने आत कपॅसिटर कुठले लावायचे याचा विचार आधीच केलेला असतो.

घेतल्यावर लावताना पण काळजी घ्या. कॅबिनेटला खाली जाळी असेल तर पंखा खाली करून लावा, जाळी महिना दोन महिन्यांनी झटका. मॉड्युलर, म्हणजे केबल काढता येणारा, असेल तर जुन्या सप्लायच्या केबल नव्याला कधीच लावायच्या नाहीत, कनेक्टर बसला तरी नाही, सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असू शकते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की एसएसडी आणि हार्डडिस्क त्याच क्षणी जळतात, डेटासकट. ग्राफिक्स कार्डचा नवा १६ पिनचा कनेक्टर पूर्ण आत बसलाय का ते डोळ्यांनी बघा, अर्धवट बसला तर तो वितळू शकतो. अर्थिंग नीट असलेलाच सॉकेट वापरा. यूपीएस असेल तर लोड टाकून एकदा यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून बघा, स्टेप्ड वेव्हच्या (गुळगुळीत लहरीऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी वीज देणाऱ्या) काही यूपीएससोबत ॲक्टिव्ह पीएफसीवाले (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेले) सप्लाय बॅटरीवर जाताना पीसी बंद करतात.

आणि जुना झाला, आवाज करतोय, लोडवर रिस्टार्ट होतोय, जळका वास येतोय तर सरळ बदला, उघडून साफ करायच्या भानगडीत पडू नका. प्लग काढल्यावर पण आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० ते ४०० व्होल्ट शिल्लक असू शकतात. धूळ बाहेरूनच ब्लोअरने उडवा, उडवताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा म्हणजे तो जोरात फिरून बेअरिंग खराब होणार नाही.