एड्रियाटिकच्या तटबंदीच्या शहरांसाठी क्रूझ कशी आखावी

भूमध्य समुद्रातल्या क्रूझच्या माहितीपत्रकात 'रोम' असं छापलेलं असतं, पण जहाज रोमला जात नाही. ते चिविताव्हेक्यात थांबतं आणि तिथून रोम ८० किलोमीटर दूर आहे. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून पुढे ९० किलोमीटर. सकाळी आठला जहाज लागलं आणि संध्याकाळी पाचला सुटणार असेल, तर दिवसाचा मोठा तुकडा बसमध्ये जातो आणि कोलोसियम बाहेरून पाहून परतावं लागतं.

ज्यांना जुनी शहरं मनापासून पाहायची आहेत त्यांना माझा सल्ला असा की, शिडी उतरल्यावर तटबंदी जितकी जवळ तितकं ते बंदर चांगलं. या हिशेबाने भूमध्य समुद्राचा एक कोपरा सगळ्यांत उजवा ठरतो, तो म्हणजे इटली आणि बाल्कन देशांमधला एड्रियाटिक समुद्र. क्रोएशियातली स्प्लिट आणि दुब्रोव्हनिक, माँटेनेग्रोतलं कोटोर आणि थोडं दक्षिणेला ग्रीसचं कोर्फू. ही शहरं समुद्रासाठीच वसली, म्हणून ती पाण्याला लागून आहेत. सात रात्रींच्या एका फेरीत ही चारही बसू शकतात.

पहिली पायरी: आधी बंदरं, मग जहाज

कागद घ्या आणि प्रत्येक बंदरासमोर तीन गोष्टी लिहा: जहाज लागण्याची वेळ, सुटण्याची वेळ आणि बंदरापासून जुन्या शहराचं अंतर. छापील वेळेतून दीड तास वजा करा. जहाज लागल्यावर कागदपत्रांची तपासणी होईपर्यंत कुणाला उतरू देत नाहीत, आणि सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी सगळ्यांना परत यावं लागतं. 'आठ ते दोन' अशी वेळ असेल तर हातात साडेचार तास उरतात. कोटोरला ते कसेबसे पुरतात, दुब्रोव्हनिकला पुरत नाहीत.

मग 'टेंडर' हा शब्द शोधा. त्याचा अर्थ जहाज धक्क्याला लागणार नाही, खोल पाण्यात नांगर टाकेल आणि छोट्या बोटींतून तुम्हाला किनाऱ्यावर नेईल. रांगेत वेळ जातो, आणि हलत्या बोटीत पाय टाकणं गुडघे दुखणाऱ्यांना जड जातं. आईवडिलांना नेत असाल तर हे आरक्षणाआधीच विचारा.

फेरी सुरू कुठून होते, हेही नीट वाचा. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० ग्रॉस टनांपेक्षा मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरून जायला बंदी आहे. त्यामुळे 'व्हेनिसहून' असं लिहिलेली बरीच जहाजं आता त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाहून सुटतात. राव्हेन्ना व्हेनिसपासून सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे. मुंबईहून विमानाचं तिकीट काढण्याआधी बंदराचं खरं नाव कळलंच पाहिजे. जहाज सुटण्याच्या दिवशी युरोपात उतरणारं विमान घेऊ नका, आदल्या दिवशी पोहोचा. जहाज उशिरा येणाऱ्या विमानासाठी थांबत नाही.

गर्दी नकोच असेल तर मोठ्या जहाजाचा आग्रह सोडा. स्प्लिट ते दुब्रोव्हनिक अशी तीस-चाळीस प्रवाशांची छोटी जहाजं आठवडाभराच्या फेऱ्या करतात. ती ह्वार, कोर्चुला अशा बेटांच्या बंदरात रात्री मुक्काम करतात. मोठ्या जहाजाचे प्रवासी शहर पाहतात ते भर दुपारी. छोट्या जहाजावर तेच शहर रात्री जेवणानंतर फिरायला मिळतं, आणि माझ्या मते त्यासाठी पोहण्याचा तलाव आणि नाट्यगृह सोडून द्यायला हरकत नाही.

दुसरी पायरी: महिना

मे आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध उत्तम. आपल्याकडच्या शाळांची मेची सुट्टी इथे नेमकी उपयोगी पडते. जुलै-ऑगस्टमध्ये पांढरा दगड तापतो आणि तटावर सावली नसते. दिवाळीच्या सुट्टीत जायचा बेत असेल तर 'युगो' हा दक्षिणेचा दमट वारा आणि पाऊस गृहीत धरा. वाऱ्यामुळे कप्तान एखादं बंदर ऐन वेळी वगळू शकतो, करारात त्याला तो अधिकार असतो. म्हणून पैसे परत न मिळणारी महागडी तिकिटं आधी काढून ठेवू नका.

तिसरी पायरी: व्हिसा

भारतीय पासपोर्टधारकांची खरी अडचण समुद्रात नाही, सीमारेषांत आहे. इटली, क्रोएशिया आणि ग्रीस शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला आला आणि त्याच दिवशी तिथे युरोही सुरू झाला. पण कोटोर माँटेनेग्रोत आहे, आणि माँटेनेग्रो शेंगेनमध्ये नाही. तिथे गेल्यावर तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता आणि पुढच्या बंदरात पुन्हा आत येता. म्हणून व्हिसा एकाच प्रवेशाचा चालणार नाही, अनेक प्रवेशांचा मागा आणि अर्जासोबत जहाजाचा पूर्ण मार्ग जोडा. वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना माँटेनेग्रोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. तरी नियम बदलतात, म्हणून क्रूझ कंपनीकडून हे लेखी घ्या.

अर्ज ज्या देशात जास्त दिवस जाणार त्या देशाकडे करायचा असतो. दिवस सारखेच होत असतील तर पहिला प्रवेश जिथे, त्या देशाकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणं कठीण असतं, म्हणून तीन-चार महिने हातात ठेवा. शुल्क प्रौढांसाठी ९० युरो, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. विम्यात बंदर चुकणं आणि जहाज सुटणं येतं का, ते पाहा.

चौथी पायरी: पैसे आणि सामान

जाहिरातीतल्या भाड्यात बहुधा बंदर कर, रोजची सेवा-बक्षिसी, मद्य-शीतपेयं, वायफाय आणि किनाऱ्यावरच्या सहली धरलेल्या नसतात. दोन कंपन्यांची तुलना करायची तर हे सगळं मिळवून करा. केबिन आतली, बिनखिडकीची घेतली तरी चालेल. या फेरीत तुम्ही खोलीत फक्त झोपायला येता, वाचलेले पैसे किनाऱ्यावर खर्च करा.

इलेक्ट्रिक केटल आणि इस्त्री घरीच ठेवा. आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर त्या जप्त करतात. चिवडा, बिनतुपाचे लाडू, मेतकूट न्या, पण पेढे, बर्फी, तूप नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. शाकाहारी किंवा जैन जेवण आरक्षणाच्या वेळीच नोंदवा. स्प्लिटमध्ये सोपार्निक मिळालं तर जरूर खा. पातळ पोळीसारख्या दोन थरांत चार्डची पालेभाजी भरून ते भाजतात. त्या भागातला हा शेतकऱ्यांचा जुना, बिनमांसाचा पदार्थ आहे.

जहाज सुटलं की फोन विमान-मोडवर टाका. समुद्रात फोन जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि काही मिनिटांत मोठं बिल येतं. युरोपीय संघापुरतं ई-सिम माँटेनेग्रोत चालेलच असं नाही. मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा, कारण कोर्फू इटलीच्या एक तास पुढे आहे आणि फोन आपोआप बदलतो.

पाचवी पायरी: प्रत्येक शहरात काय करावं

आदल्या संध्याकाळी अर्धा तास उद्याच्या शहराबद्दल वाचा. या किनाऱ्याचा एक धागा हाती आला की सगळं जोडत जातं, तो म्हणजे व्हेनिस. शतकानुशतकं या समुद्रावर व्हेनिसची सत्ता होती. वेशीवर आणि बुरुजांवर पंखांचा सिंह कोरलेला दिसला की समजा, इथे व्हेनिसचा अंमल होता. कोटोरमध्ये १४२० ते १७९७, कोर्फूत १३८६ ते १७९७. दुब्रोव्हनिक मात्र १३५८ नंतर व्हेनिसच्या हातून निसटलं ते कायमचं.

स्प्लिट सगळ्यांत सोपं आहे. समुद्रकाठच्या रस्त्याने दहा-पंधरा मिनिटं चाललात की रोमन सम्राट डायोक्लेशनच्या राजवाड्यात शिरता. इ.स. ३०५ मध्ये गादी सोडून तो इथे राहायला आला. आज त्या राजवाड्यात दुकानं आहेत, वाळत घातलेले कपडे आहेत, राहती घरं आहेत. आधी तळघरं पाहा. शतकानुशतकं लोकांनी त्यांत कचरा टाकला आणि त्यामुळेच ती टिकली. वरची सम्राटाची दालनं बरीचशी गेली, पण खालच्या रचनेवरून ती कशी होती ते कळतं. मग सेंट डोम्नियसच्या कॅथेड्रलमध्ये जा. ही इमारत डायोक्लेशनने स्वतःच्या थडग्यासाठी बांधली होती. त्याच्याच राजवटीत मारल्या गेलेल्या धर्मगुरूच्या नावाने ती आज उभी आहे. जिने चढू न शकणाऱ्यांसाठी चारांपैकी हे शहर सगळ्यांत सोयीचं.

कोटोरच्या दिवशी गजर पहाटेचा लावा. शहर आखाताच्या अगदी आतल्या टोकाला आहे. उघड्या समुद्रातून तिथे पोहोचायला मोठ्या जहाजाला दीड-दोन तास लागतात. वेरिगेच्या अरुंद भागात दोन्ही किनारे अगदी जवळ येतात, आणि पुढे पेरास्तसमोर दोन लहान बेटं दिसतात. त्यांतलं एक माणसांनी दगड टाकून उभारलं आहे. नाश्ता नंतर करा, डेकवर जा. उतरल्यावर तट चढायचा असेल तर थेट तिथेच जा: सुमारे १३५० पायऱ्या, २६० मीटर उंची. सिंहगड चढणाऱ्याला हे अवघड नाही, पण दहानंतर उन्हात दम निघतो आणि दगड गुळगुळीत झालेला आहे. चांगल्या तळव्याचे बूट हवेतच. उतरल्यावर सेंट ट्रिफनचं कॅथेड्रल पाहा. ११६६ मध्ये त्याचं लोकार्पण झालं, आणि १९७९ च्या भूकंपात झालेली इजा दुरुस्त करून ते पुन्हा उभं आहे.

कोर्फूत वेशीच्या आतल्या गल्ल्या इटालियन वाटतात, लिस्टन या इमारतींच्या रांगेच्या कमानी फ्रेंच, आणि समोरच्या स्पियानाडा मैदानावर इंग्रजांनी क्रिकेट आणलं. १८१५ ते १८६४ कोर्फू आणि आसपासच्या बेटांवर त्यांचं संरक्षण होतं. ग्रीसमध्ये क्रिकेट रुजलं ते इथेच, आणि आजही कोर्फूवर ते खेळलं जातं. जुन्या किल्ल्यासमोर शुलेनबर्गचा पुतळा आहे, १७१६ मध्ये ऑटोमन वेढा मोडून काढणारा सेनापती. त्या वेढ्याबद्दल वाचून किल्ल्यावर गेलात तर खंदक आणि बुरूज कशासाठी होते ते डोळ्यांसमोर येतं.

दुब्रोव्हनिकला सगळ्यांत जास्त वेळ द्या. जहाजं ग्रुझ बंदरात लागतात. तिथून जुनं शहर सुमारे ३ किलोमीटर आहे आणि शहर बस पिले वेशीपर्यंत जाते. २०१९ पासून शहराने एका वेळी दोनच जहाजं असं बंधन घातलं आहे, तरी सकाळी दहा ते दुपारी तीन गल्ल्या भरतात. बंदराच्या संकेतस्थळावर त्या दिवशी कुठली जहाजं येणार ते आधीच दिसतं.

तटावरची १९४० मीटरची फेरी एकाच दिशेने करावी लागते, घड्याळाच्या उलट. बहुतेक लोक पिलेपासून चढतात. तुम्ही शहर ओलांडून प्लोचे वेशीजवळच्या दारातून चढा. तसं केलं की मिंचेता हा सर्वांत उंच बुरूज सुरुवातीलाच येतो, ऊन आणि थकवा वाढायच्या आधी. तिकीट महाग आहे, ४० युरोंच्या आसपास, पण मी बाकी काही कमी करून तेच घ्यायला सांगेन. वरून छपरं पाहा. जिथे कौलं एकसारखी आणि भडक आहेत, तिथली बरीच छपरं १९९१-९२ च्या वेढ्यातल्या तोफमाऱ्यानंतर पुन्हा घातलेली आहेत.

तटाबाहेरच्या लोव्ह्रियेनाक किल्ल्याच्या दारावर लॅटिन ओळ कोरली आहे: जगातलं सगळं सोनं दिलं तरी स्वातंत्र्य विकलं जात नाही. दुब्रोव्हनिक तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होतं, आणि ते ऑटोमनांना खंडणी देऊन, सगळ्यांशी व्यापार करत, १८०८ मध्ये फ्रेंचांनी ते बरखास्त करेपर्यंत टिकलं. तेव्हाचं त्याचं नाव रागुसा. त्याच्या व्यापाऱ्यांचा माग गोव्यापर्यंत येतो. ओल्ड गोव्याजवळच्या गवंडाळीत साओ ब्रासचं चर्च आहे आणि ते रागुसाच्या लोकांशी जोडलं जातं. ब्रास म्हणजेच सेंट ब्लेझ, दुब्रोव्हनिकचा रक्षक संत. त्याच्या मूर्ती तुम्हाला तिथल्या प्रत्येक वेशीवर दिसतील.

सहावी पायरी: जहाजाची सहल की स्वतःची?

या चारही शहरांत स्वतः फिरा. तट जवळ आहे, गल्ल्यांत चुकलात तरी समुद्र सापडतो. जहाजाची सहल घ्यावी ती दूर जायचं असेल तेव्हा, कारण ती बस उशिरा आली तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. रोजच्या पत्रकावर बंदरातल्या स्थानिक एजंटचा नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा, पासपोर्टची प्रत जवळ बाळगा, आणि सुटण्याच्या वेळेआधी दीड तास परतीला लागा.

शेवटचा दिवस

आदल्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. औषधं, पासपोर्ट आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत घ्या. उतरणं लांबतं म्हणून दुपारच्या आधीचं विमान नको. फेरी राव्हेन्नात संपत असेल तर तो दिवस वाया घालवू नका. सान व्हिताले या ५४७ मध्ये लोकार्पण झालेल्या चर्चमध्ये सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा यांची मोझेक चित्रं आहेत. शेजारीच गाला प्लाचिदियाची समाधी आहे, तिचं छत गडद निळं आणि ताऱ्यांनी भरलेलं. दोन्ही पाहायला दोन-तीन तास पुरतात, मोठ्या बॅगा कुठे ठेवता येतील ते आधी शोधून ठेवा. राव्हेन्नाहून बोलोन्याला जायला थेट लोकल गाड्या आहेत, साधारण सव्वा तासाच्या, आणि परतीचं विमान तिथून पकडणं व्हेनिसला जाण्यापेक्षा सोयीचं पडतं.