आजीचा शालू बादलीत बुडवू नका

लग्नाला आठ दिवस उरले की माझा फोन वाजायला लागतो. ‘मावशी, आजीचा शालू काढलाय, काठाची जर काळी पडलीय, पटकन काय करू?’ पटकन काहीच करू नकोस, बाई. पन्नास वर्षं ट्रंकेत पडलेलं रेशीम आठ दिवसांत नवं होत नाही. वेळ नसेल तर दुसरी साडी नेस.

सगळ्यात मोठी चूक बादलीची. माझ्याच भाचीनं केली. सीमांतपूजनाला आजीचा डाळिंबी शालूच नेसायचा होता आणि त्याला कुबट वास येत होता. म्हणून रात्री शॅम्पूच्या पाण्यात भिजत घातला आणि सकाळी कौतुकानं मला फोटो पाठवला. पाणी लालभडक! फोन लावून ‘हात लावू नकोस’ म्हणेपर्यंत तिनं पदर धरून तो वर ओढलाही होता. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर, त्यात जरीच्या काठाचं आणि पाण्याचं ओझं. वर्षानुवर्षं एकाच घडीवर दुमडून जिथे जिथे विरला होता, तिथे तिथे टर्रकन फाटला. चार घड्या, चार चिरा.

वासासाठी पाणी लागतच नाही. पलंगावर जुनी धुतलेली चादर घालायची, त्यावर शालू उलगडून सावलीत दोन-तीन दिवस ठेवायचा, पंखा हळू. डाग काढायचाच असेल तर आधी आत खोचायच्या टोकाला ओलसर पांढरा कापूस दाबून धरते. कापसाला रंग लागला की पाण्याचा विषय संपला. घडीवरचं रेशीम उजेडात धरल्यावर जाळीसारखं दिसलं तरीही संपला.

भाचीच्या शालूच्या चिरांखाली आम्ही त्याच रंगाचं तलम रेशीम लावून बारीक सुईनं टाके घातले. दोन महिने गेले. मंगळागौरीला तिनं तो नेसला, फोटोपुरता.

दुसरी चूक, जर घासणं. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, तांब्याची भांडी घासायची पावडर, सगळं पाहून झालंय. जुन्या खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते, त्यावर सोन्याचा नुसता मुलामा. काळी पडते ती चांदी, हवेतल्या गंधकामुळे. घासलंत की काळेपणाबरोबर मुलामाही जातो, काठ पांढराफटक दिसतो आणि काही दिवसांनी पुन्हा काळा होतो. नंतरच्या तांब्याच्या जरीला घासलं तर खालून तांबूस तार डोकावते. व्हिडिओत झटपट चमकवून दाखवणारे सहा महिन्यांनंतरचा काठ कधी दाखवत नाहीत. मी काळी जर तशीच ठेवते. मला ती शोभूनही दिसते.

हळदीच्या डागाला साबण लावू नका, लाल होतो. शालू हँगरला टांगू नका. अत्तर अंगाला लावा, साडीला नको. पिना काढून ठेवा, गंज चढला की तो डाग निघत नाही. डांबरगोळ्या जरीला टेकता कामा नयेत. प्लॅस्टिकची पिशवी तर आजच फेका, आत दमट हवा कोंडते. ड्रायक्लीनिंगला द्यायचाच असेल तर पन्हं, सरबत कुठे सांडलं होतं ते दाखवून द्या. साखरेचा डाग त्या रसायनात विरघळत नाही आणि वर्षांनी तपकिरी होऊन वर येतो. विरलेला शालू मात्र मशीनच्या ड्रममध्ये जाऊच देऊ नका.

आणि दारावर ‘जुन्या जरीच्या साड्या’ ओरडत येणाऱ्याला हाक मारण्याआधी एवढं माहीत असू द्या, की तो साडी जाळतो आणि राखेतली चांदी घेतो.

माझ्याकडचे शालू मलमलीत असतात. पाडवा, नागपंचमी, दसरा, संक्रांत, या चार दिवशी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घालते. मलमल आधी दोनदा धुऊन घ्या, खळीला कसर लागते.