मुक्तिसंग्रामातल्या छपाईवर काम करताय? आधी फसली सन शिका

हैदराबाद मुक्तिसंग्रामातली मराठी नियतकालिकं हा विषय घेतला असेल तर स्मरणिका आणि गौरवग्रंथांवर प्रकरणं उभी करू नका. त्यांत सगळेच शूर असतात, तारखा मात्र ढिल्या असतात.

मुलं अडकतात ती फसली सनात, म्हणजे निजामाच्या कारभारात चालणाऱ्या कालगणनेत. निजामाच्या दप्तरातल्या बंदीच्या आणि जप्तीच्या आदेशांवर फसली तारीख असते, मराठी अंकावर इसवी किंवा शके. ‘फसली सालात 590 मिळवा, इसवी साल आलं’ असं सांगणारे मार्गदर्शक भरपूर आहेत. त्यांचं ऐकू नका. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्याने सुरू होतं. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर 590 मिळवायचे आणि जानेवारीपासून वर्ष संपेपर्यंत 591. खुर्दाद 1357 घ्या. खुर्दाद म्हणजे एप्रिल-मे. 590 मिळवलेत की येतं 1947, खरं साल 1948. एका वर्षाच्या चुकीने रझाकारी ऐन भरात असतानाचा आदेश इंग्रज जायच्या आधीचा ठरतो, आणि बंदी झुगारून काढलेला अंक बंदीपूर्वीचा साधा अंक होऊन बसतो. बहमन तर डिसेंबर-जानेवारीत विभागलेला, तिथे दिवसही बघावा लागतो. उत्तरेकडच्या फसलीचं कोष्टक इथे चालत नाही. नोंदवहीत मूळ फसली तारीख आधी उतरवा, इसवी तिच्यासमोर. नुसती इसवी लिहून ठेवलीत तर पुढे चूक सापडायची नाही.

घाबरू नका, बारा महिन्यांचा तक्ता भिंतीवर लावला की आठवड्यात हात बसतो.

अंक मध्येच तुटले म्हणून नियतकालिक बंद पडलं, असंही लगेच लिहू नका. आ. कृ. वाघमारे यांचं ‘मराठवाडा’ बंदी आली की नाव बदलून निघत असे. ग्रंथालयाच्या यादीत नाव शोधून भागत नाही. संपादक, मुद्रक आणि छपाईचं गाव, तिन्ही ताडून बघा.

आणि निजामाच्या दप्तरासाठी उर्दू शिका, निदान छापील वाचण्यापुरती. हाताने लिहिलेली शिकस्ता, म्हणजे घाईची जोडाक्षरी लिखावट, जड जाते, तिथे जाणकाराला मोबदला देऊन वाचून घ्या. फुकटचं वाचन घाईचं असतं. उर्दू म्हणजे निजामाची बाजू, हा समज तर सोडाच. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत निजामधार्जिण्या रझाकारांनी ज्यांचा खून केला ते शोएबुल्ला खान ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक होते.