बेसबॉल संघाच्या महिन्याचा हिशेब कसा मांडावा

23 मे 2019 रोजी वॉशिंग्टन नॅशनल्स न्यूयॉर्कमध्ये मेट्सकडून लागोपाठ चौथा सामना हरले. 50 सामन्यांत 19 विजय आणि 31 पराभव. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझला घरी पाठवा, मोठे खेळाडू विकून टाका, अशी ओरड सुरू झाली. त्याच संघाने उरलेल्या 112 सामन्यांपैकी 74 जिंकले, आणि 30 ऑक्टोबरला ह्यूस्टनला हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, पटकावली. मग मे महिन्यात हा संघ चांगला होता की वाईट? महिना संपला की कुठल्याही संघाकडे कसं पाहायचं, हे मी या एका प्रश्नाच्या नादानेच शिकलो. ती रीत इथे मांडतो आहे. लागेल ती एक वही, संघाच्या महिनाभराच्या सामन्यांचे धावफलक आणि रविवारची निवांत सकाळ. अमेरिकेतला संध्याकाळचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतो. रोज उठणं शक्य नसलेल्यांना तर महिन्याचा असा हिशेब फारच उपयोगी पडतो.

1. जय-पराजय लिहा आणि बाजूला ठेवा

मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचा, हंगाम 162 सामन्यांचा असतो. महिन्याला साधारण 26-27 सामने येतात. आकडा मोठा वाटतो, पण निकाल ठरवायला तो अपुरा आहे. निम्मे सामने जिंकण्याची कुवत असलेला संघ घ्या. 26 सामन्यांच्या महिन्यात निव्वळ योगायोगाने तो 10 किंवा त्याहून कमी, नाहीतर 16 किंवा त्याहून जास्त सामने जिंकेल, याची शक्यता साधारण तीनात एक असते. नाणं उडवण्याचं गणित करून पाहा, पटेल. म्हणून 10-16 असा महिना दिसला की लगेच हाय खाऊ नका आणि 16-10 दिसला की पेढे वाटू नका.

2. धावांचा ताळा करा

महिन्यात केलेल्या धावा आणि दिलेल्या धावा यांची बेरीज करा. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचं जुनं सूत्र सोपं आहे: केलेल्या धावांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज. नॅशनल्सनी 2019 च्या पूर्ण हंगामात 873 धावा केल्या आणि 724 दिल्या. सूत्राने उत्तर येतं सुमारे 0.592, म्हणजे 162 पैकी 96 विजय. प्रत्यक्षात आले 93. इतकं जवळ जाणारं दुसरं सोपं गणित मला माहीत नाही.

महिन्याच्या हिशेबात मात्र एखादा 15-2 असा सामना सगळं चित्र बिघडवतो. म्हणून सगळ्यात मोठा विजय आणि सगळ्यात मोठा पराभव वगळून हीच आकडेमोड पुन्हा करा. दोन्ही उत्तरं सारखी आली तर विश्वास ठेवा.

3. सामना कुठल्या इनिंगमध्ये हातचा गेला ते पाहा

ही पायरी सगळ्यात जास्त शिकवते, तिला वेळ द्या. प्रत्येक पराभवापुढे दोन नोंदी करा: सहावी इनिंग (सामना अशा नऊ डावांचा असतो) संपली तेव्हा पुढे कोण होतं, आणि निर्णायक धावा कुठल्या इनिंगमध्ये गेल्या.

मेट्सविरुद्धची ती मालिका घ्या. एका सामन्यात नवव्या इनिंगमध्ये विजयी धाव गेली. दुसऱ्यात पिचर (गोलंदाज) मॅक्स शेर्झरने सहा इनिंग्ज एकही धाव दिली नाही, आठव्या इनिंगपर्यंत 1-0 आघाडी होती, आणि शेवट झाला 6-1 पराभवात. तिसऱ्यात आठव्याच इनिंगमध्ये तीन धावांचा होम रन बसला. चारपैकी तीन सामने आठव्या-नवव्या इनिंगमध्ये गेले. नुसते निकाल वाचणाऱ्याला यात हरणारा संघ दिसतो. इनिंग्ज वाचणाऱ्याला दिसतं की स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारे पिचर, चोख आहेत आणि गळती बुलपेनमध्ये, म्हणजे त्यांच्यानंतर टाकायला येणाऱ्या रिलीव्हरांमध्ये, आहे. शेर्झर, स्ट्रासबर्ग, कॉर्बिन अशी फळी ज्याच्याकडे आहे, तो संघ मोडीत काढायचा नसतो.

उलटही घडतं. स्टार्टर चौथ्या-पाचव्या इनिंगमध्येच दमत असतील, तर बुलपेनवर रोज बोजा पडतो आणि महिन्याच्या शेवटी रिलीव्हर मार खातात. दोष दिला जातो त्यांना, मूळ असतं दुसरीकडे. म्हणून स्टार्टरने सरासरी किती इनिंग्ज टाकल्या हेही लिहून ठेवा. इथे एक खुबी लक्षात असू द्या: 6.1 म्हणजे सहा इनिंग्ज आणि एक गडी, म्हणजेच सहा पूर्णांक एक तृतीयांश. क्रिकेटमधल्या षटकांसारखंच, दशांश समजून बेरीज केली तर चुकते.

4. मैदानावर कोण नव्हतं?

नॅशनल्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ट्रे टर्नर याचं बोट 2 एप्रिलला बंट करताना, म्हणजे चेंडूला बॅट नुसती टेकवताना, मोडलं. तो परतला 17 मे रोजी. मधल्या काळात अँथनी रेन्डन कोपरामुळे, हुआन सोटो पाठीमुळे आणि रायन झिमरमन तळपायामुळे बाहेर बसले. फलंदाजीचा कणाच जागेवर नव्हता. महिन्याच्या पानावर प्रत्येक मुख्य खेळाडूचे हुकलेले सामने लिहा आणि त्याच्या जागी खेळलेल्याचं नावही लिहा. बरा होऊन येणारा खेळाडू म्हणजे काहीही न देता मिळालेला खेळाडू.

5. रोस्टरचा कागद उघडा

आज सक्रिय रोस्टर, म्हणजे सामन्यासाठी हाताशी असलेल्या खेळाडूंची यादी, 26 जणांचं असतं आणि त्यात पिचर जास्तीत जास्त 13. सप्टेंबरमध्ये ते 28 जणांचं केलं जातं. (2019 मध्ये एरवीचा आकडा 26 ऐवजी 25 होता.) बहुतेक संघ पाच स्टार्टर, आठ रिलीव्हर, नऊ नेहमीचे बॅटर आणि बाकावर चौघे अशी विभागणी करतात. त्या चौघांतला एक राखीव कॅचर असतो, म्हणजे हाताशी उरतात तिघेच. या सगळ्यांच्या मागे 40 जणांची मोठी यादी असते. तिच्यात नाव असल्याशिवाय कुणालाही वर बोलावता येत नाही.

चाहत्यांचा खरा गोंधळ होतो तो ‘ऑप्शन’च्या बाबतीत. 40 च्या यादीतल्या खेळाडूला संघ साधारणपणे तीन हंगामच मोकळेपणाने खालच्या मायनर लीगमध्ये पाठवू शकतो; यालाच ऑप्शन म्हणतात. त्यानंतर खाली पाठवायचं तर आधी त्याला वेव्हर्सवर, म्हणजे इतर संघांना खुल्या असलेल्या यादीत, ठेवावं लागतं आणि दुसरा कुठलाही संघ त्याला उचलू शकतो. म्हणूनच कधीकधी मार खाणारा रिलीव्हर संघात राहतो आणि चांगला टाकणारा पोरगा खाली जातो. मॅनेजरला दिसत नाही असं नसतं. पोराकडे ऑप्शन शिल्लक असतो, दुसऱ्याकडे नसतो. प्रत्येक नावापुढे किती ऑप्शन उरलेत ते लिहा. संघाच्या अडचणी निम्म्या तिथेच समजतात.

दुखापतीची यादीही वाचता यायला हवी. बॅटर किमान 10 दिवस आणि पिचर किमान 15 दिवस बाहेर राहतो. 60 दिवसांच्या यादीत गेला तर 40 मधली एक जागा मोकळी होते.

6. एकेका खेळाडूवर निकाल देताना हात आखडता घ्या

रिलीव्हर ट्रेव्हर रोझेनथलने 2019 मध्ये नॅशनल्ससाठी पहिल्या चार सामन्यांत एकही गडी बाद केला नाही. ईआरए म्हणजे पिचरच्या अर्जित धावा (क्षेत्ररक्षणाच्या चुकीशिवाय गेलेल्या) गुणिले नऊ, भागिले इनिंग्ज. शून्याने भागायचं म्हटल्यावर त्याचा ईआरए अनंत दाखवला जात होता. रिलीव्हर महिन्याला दहा-बारा इनिंग्जच टाकतो, त्यामुळे एका वाईट रात्रीने त्याचा ईआरए फुगतो. त्याऐवजी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) किती आणि चार वाईट चेंडू टाकून फुकट दिलेले बेस किती, ते पाहा. हे आकडे लवकर स्थिरावतात. बॅटरची सरासरी मात्र फार उशिरा स्थिरावते, कारण मारलेला चेंडू हातात जातो की मोकळ्या जागेत, यात नशिबाचा वाटा मोठा असतो. रोझेनथलचं दुखणं मात्र नशिबाचं नव्हतं. चेंडू स्ट्राइक झोनमध्येच, म्हणजे बॅटरसमोरच्या वैध चौकटीतच, पडत नव्हता. जूनमध्ये संघाने त्याला सोडलं.

7. दुखणं ओळखा, मग औषध

आता प्रत्येक तक्रारीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: नशीब, दुखापत किंवा भोक. नशिबावर उपाय थांबण्याचा. दुखापतीवर तारीख पाहण्याचा. भोक मात्र आपोआप बुजत नाही, तिथे दुसऱ्या संघाकडून माणूस आणावा लागतो आणि अशा अदलाबदलीला हंगामात मुदत असते. नॅशनल्सचे बॅटर परतले आणि धावा आल्या. बुलपेन तसंच राहिलं; हंगामाअखेर त्याचा ईआरए पाचच्या वर, नॅशनल लीगमध्ये सगळ्यात वाईट होता. 31 जुलैला, मुदतीच्या दिवशी, त्यांनी डॅनियल हडसन, रोएनिस एलियास आणि हंटर स्ट्रिकलंड असे तीन रिलीव्हर आणले. एलियास पहिल्याच सामन्यात बेसकडे धावताना मांडीचा स्नायू दुखावून बसला. हडसनने 24 सामन्यांत 1.44 च्या ईआरएने टाकलं. एका भोकासाठी तिघे आणले तर एखादा टिकतो, हा हिशेब मला तेव्हा उमगला.

शेवटी पानाच्या तळाशी तारीख घालून एकच ओळ लिहा: पुढच्या महिन्याअखेर काय दिसलं तर माझं निदान चुकलं म्हणायचं? मे 2019 च्या पानावर मी लिहिली असती ती ओळ अशी: “टर्नर, रेन्डन, सोटो तिघेही रोज खेळूनसुद्धा जूनमध्ये धावा वाढल्या नाहीत, तर मोठे खेळाडू विका.”