हापूस कलमांना पॅक्लोब्युट्राझॉल: मात्रा घेर मोजूनच

पॅक्लोब्युट्राझॉल हे कलमाची पालवी आवरून मोहोर आणणारे औषध मुळांपाशी मातीत द्यायचे असते. 15 जुलै ते 15 ऑगस्ट या काळात पावसाने उघडीप दिली की हे काम उरकावे. ओल हवी, पण मुसळधार पाऊस नको. तशा पावसात औषध मुळांपाशी न थांबता वाहून जाते.

पेशीत डेला नावाची प्रथिने वाढीला लगाम घालून असतात. जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक आले की ती मोडीत निघतात आणि पालवी फुटते. पॅक्लोब्युट्राझॉल जिबरेलिन तयार करणाऱ्या काउरीन ऑक्सिडेझ या विकराला (एन्झाइमला) अडवते. जिबरेलिन घटले की डेला टिकतात, पालवी आवरते आणि कलम मोहोराकडे वळते. हे औषध मुळांतून पाण्यासोबत वर चढते. पानांवर मारले तर खाली उतरत नाही, म्हणून फवारणी नकोच.

कलम दहा वर्षांवरचे आणि सशक्त असावे. घेराचा, म्हणजे फांद्यांच्या पसाऱ्याचा, व्यास पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर मोजून सरासरी काढा. दर मीटरला 23 टक्के तीव्रतेचे औषध 3 मि.लि. घ्या. व्यास 9 आणि 7 मीटर भरला, तर सरासरी 8, म्हणजे 24 मि.लि. ते 5 लिटर पाण्यात मिसळा. आधी तण काढा, नाहीतर निम्मे औषध तणच पिईल. बुंधा आणि घेराची कड यांच्या मध्यावर, इथे बुंध्यापासून 2 मीटरवर, पहारीने 10 ते 12 सें.मी. खोल बारा खड्डे घ्या. प्रत्येकात साधारण 400 मि.लि. द्रावण ओतून माती लोटा.

‘थोडे जास्त घातले तर काय बिघडते?’ बरेच बिघडते. पेरे आखडतात, मोहोर गुच्छासारखा दाटतो आणि औषध मातीत रेंगाळून पुढच्या हंगामातही बाधते. मोहोर वाढला की भूकही वाढते. पावसाळ्याच्या सुरुवातीला दर कलमाला 50 किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, एक किलो पालाश दिले नसेल, तर औषधाच्या वाटेला न गेलेलेच बरे.

पुढे पुनर्मोहोराने (फळे धरल्यावर पुन्हा फुटलेल्या मोहोराने) कणी, म्हणजे नुकती धरलेली बारीक फळे, गळू लागली की हेच जिबरेलिन बाहेरून द्यावे लागते. पुरेसा मोहोर आल्यावर 50 पीपीएमची (दहा लाख भागांत 50 भाग) पहिली फवारणी, फळे वाटाण्याएवढी झाल्यावर दुसरी. जिबरेलिनची 1 ग्रॅम भुकटी आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून 20 लिटर पाण्यात मिसळा. थेट पाण्यात टाकली तर गुठळ्या राहतात. बाजारातले 0.001 टक्क्याचे तयार द्रावण घेऊ नका. ते मुळातच 10 पीपीएम असते.